कातळावर दगडाने पाकट कोरताना : कामाच्या नोंदी

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळी माळांवरची, कातळशिल्पं मी गेली सात वर्षं पाहते आहे. उक्षीचा हत्ती, बारसूचा माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे प्राणी, देवाचे गोठण्याचा आडवा माणूस, कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले मासे, पक्षी, जनावरं. मी शाळेत चित्रकला शिकवते. दर वर्षी मुलांना घेऊन सड्यावर जाते आणि दर वर्षी एक तरी मूल विचारतं, "बाई, हे कशानं कोरलं?" दगडाने, असं मी सांगते. पण कोणत्या दगडाने, किती वेळात, किती माणसांनी, हे माझ्या हाताला माहीत नव्हतं. ते माहीत करून घ्यायचं म्हणून एक पाकट, म्हणजे लांब शेपटाचा चपटा मासा, दगडाने कातळावर कोरून पाहिलं. कुणाला असंच करून पाहायचं असेल तर माझ्या चुका तरी टळाव्यात, म्हणून या नोंदी.

दोन गोष्टी आधीच सांगते. काम आमच्या घरच्या पडीक कातळावर केलं आहे, आणि तिथे जुनं काही कोरलेलं नाही हे तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तपासूनच हात लावला आहे. खऱ्या कातळशिल्पाच्या आसपास असले प्रयोग कुणीही करू नयेत. आणि आकृतीशेजारी साल कोरलं आहे, म्हणजे पुढे कधी कुणी फसणार नाही.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

जागा साफ केली. भाचा सकाळी सहालाच आला. वाळलेलं गवत कोयत्याने कापलं, मग खराट्याने झाडलं. कातळाच्या खोबणींत माती बसलेली असते, ती काढायला पाण्याचे चार कॅन लागले. जाळून गवत लवकर गेलं असतं, पण आगीने जांभ्याची वरची खपली उडते, म्हणून ते टाळलं.

चार मीटर बाय पाच मीटरचा तुकडा निवडला. रंग काळपट, वर बारीक भोकं, पायाला खरखरीत. हाताने ठोकत गेले. काही ठिकाणी आवाज पोकळ येतो, तिथे खाली शेडीचे (मऊ मातीचे) कप्पे असणार, ते टाळले. दुपारी भाचा विश्वचषकाची फायनल बघायला घरी पळाला. एकटीने पुढे काही सुचलं नाही, मीही उतरले.

२५ नोव्हेंबर, शनिवार

काय कोरायचं यावर आठवडा गेला. भाच्याला गेंडा हवा होता, कारण इथल्या कातळांवर गेंडा आहे आणि आज कोकणात गेंडा नाही. पण मी गेंडा फक्त चित्रात पाहिलेला. ज्याने कातळावर गेंडा कोरला त्याने तो डोळ्यांनी पाहिला असणार असं मी धरून चालते. मग मीही पाहिलेलाच प्राणी घ्यायला हवा. कातळशिल्पांत पाकटंही आहेत. पाकट आमच्या बाजारात मिळतं. ठरलं.

मच्छीबाजारात गेले. "मावशी, मोठं पाकट आहे का? शेपटासकट?"

"शेपूट कशाला हवं? काटा असतो त्याला. बोटीवरच तोडून टाकतात." तिने टोपलीतलं एक पाकट उलटं करून दाखवलं. खालून पांढरं, तोंड पोटाच्या बाजूला, आणि शेपटाच्या जागी दोन बोटांचा ठुसका. वरून पाहिलं तर पंखाची पुढची कड सरळ नसते, मधे किंचित फुगून मग टोकाकडे जाते, आणि मागची कड पोटात घेतलेली असते. मी आजवर शाळेच्या फळ्यावर पतंगासारखं पाकट काढत आले होते, ते चूक होतं.

घरी आणून वर्तमानपत्रावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. ३८ सेंटीमीटर रुंद. पाकट २६० रुपयांना पडलं. रात्री त्याचं तिखलं केलं.

३ डिसेंबर, रविवार

आखणी. पूर्ण दिवस फुकट गेला.

मी घरून बांबूच्या खुंट्या करून नेल्या होत्या. कातळात खुंटी ठोकायची कशी, हा विचारच केला नव्हता. दोरी धरायला गोटे ठेवले, ते दोरी ताणली की सरकायचे. शेवटी एका टोकाला भाचा, एका टोकाला मी.

खूण करायला कोळसा नेला होता. काळ्या कातळावर कोळसा दिसत नाही. गेरूही दिसत नाही. रांगोळी दिसली, पण वाऱ्याने अर्ध्या तासात विस्कटली. तांदळाच्या पिठाने एक पंख पूर्ण आखला, जेवून परत आलो तोवर मुंग्यांनी वाटा पाडल्या होत्या. मग चुना कालवून कुंचल्याने काढलं. छान दिसलं. उजेड संपत आला होता, म्हणून तसंच ठेवून उतरलो.

४ डिसेंबर, सोमवार

शाळेआधी जाऊन आले. रात्री दव पडलं होतं. चुना ओघळून भोकांत उतरला होता, रेघ म्हणून काही उरली नव्हती.

१० डिसेंबर, रविवार

गारगोटीने ओरखडा काढून पाहिला. ओरखडा फिकट तांबूस उमटतो, दवाने जात नाही, वाऱ्याने जात नाही. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी मी एक पूर्ण दिवस घालवला. नवीन सुरुवात करणाऱ्याने पीठ, चुना, खडू यांच्या नादी लागूच नये. हातात दगड आहे, त्यानेच आखावं. (खऱ्या कातळशिल्पांत फोटोसाठी खडू किंवा रांगोळी भरणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे, ते करू नका. भोकांत गेलेलं निघत नाही. सकाळी सातच्या उन्हात सगळ्या रेघा आपोआप उठून दिसतात.)

आता प्रमाण. पंखापासून पंखापर्यंत २ मीटर ४० ठरवलं. कागदावरच्या आकृतीवर चौकटी पाडून कातळावर मोठ्या चौकटी पाडायच्या, ही शाळेतली पद्धत. ती मी मुद्दाम वापरली नाही. दोरी वापरली. दोरीची लांबी म्हणजे पूर्ण रुंदी. दोरी दुमडली की मध्य मिळतो, परत दुमडली की पाव. तेवढ्यावर डोकं, पंखांची टोकं आणि शेपटाची सुरुवात अशा चार जागा ठरल्या. मधल्या कडा हाताने.

इथे घात झाला. आकृतीवर उभं राहून आकृती दिसत नाही. पायाजवळची कड मोठी वाटते, लांबची आखूड, आणि हात नकळत ते दुरुस्त करायला जातो. ओरखडे पूर्ण झाल्यावर भाचा शिडीवर चढला आणि म्हणाला, "आत्या, डावा पंख सुपाएवढा झालाय." मोजलं, उजव्यापेक्षा १९ सेंटीमीटर जास्त.

ओरखडा पुसता येत नाही. शेजारी सरकून पुन्हा आखलं. पुन्हा चुकलं, या वेळी डोकं तिरकं. कशेळीचा हत्ती आठवला. १८ मीटर. त्याच्या पाठीवर उभ्या माणसाला त्याची सोंड दिसत असेल का?

१७ डिसेंबर, रविवार

तिसरी आखणी जमली. जमली ती डोळ्यांनी नाही, पायांनी. पंखाच्या कडेवरून मी डोक्यापासून टोकापर्यंत पावलाला पाऊल लावून चालले, पावलं मोजली आणि कुठल्या पावलाला कड किती आत वळते ते लक्षात ठेवलं. मग दुसऱ्या बाजूने तीच पावलं, तेच वळण, उलट हाताला. भाचा मागून गारगोटी ओढत आला. शिडीवरून पाहिलं तर दोन्ही पंखांत फरक तीन बोटांचाही नव्हता.

आखणीला एकूण तीन रविवार, दोघांचे मिळून २८ तास. मनात धरले होते दोन.

२४ डिसेंबर, रविवार

कोरायला कोणता दगड, याची चाचणी. आकृतीपासून लांब, कातळाच्या कडेला छोट्या वाट्या कोरून पाहिल्या. वाटी यासाठी की एकाच जागी मारत राहिलं की दगडांची तुलना नीट होते.

नदीतले काळवथराचे (काळ्या बसाल्टचे) गोल गोटे : मारला की उसळतो, कातळावर फक्त पांढुरका डाग. अर्ध्या तासात नखाएवढी खोली. मनगट सुजलं.

गारगोटी : कातळाची वरची कडक साल लगेच भेदते, पण स्वतःच फुटते. तिच्या कपच्या धारदार असतात, दोन कपच्या चष्म्यावर येऊन आदळल्या. चष्मा नसता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. १८० रुपयांचा साधा गॉगल आहे, तो घातल्याशिवाय एक घावही मारू नका.

काळवथराचा गोटा फोडून केलेलं टोक : हे चाललं. मोठा गोटा दुसऱ्या दगडावर आपटून फोडायचा, जो तुकडा एका बाजूला जाड, मुठीत बसणारा आणि दुसऱ्या बाजूला टोकदार निघेल तो घ्यायचा. दहा गोटे फोडावेत तेव्हा तीन असे निघतात. वजन सव्वा ते दीड किलो. हलका असेल तर सगळं बळ हातालाच लावावं लागतं.

वाटी कोरता कोरता हवाई बेटांवरचं पुउलोआ आठवत होतं. तिथे गोठलेल्या लाव्ह्यावर २३,००० हून जास्त आकृती दगडाने ठोकून काढल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक नुसत्या वाट्या आहेत. बाळाची नाळ गळून पडली की ती त्या वाटीत ठेवायची, म्हणजे बाळाला आयुष्य लाभतं अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. आपल्याकडेही नाळ पुरतात. माझी आमच्या जुन्या घराच्या मागच्या दारी पुरली आहे, असं आई सांगायची. वाटी कोरायला मला पाऊण तास लागला. एका बाळासाठी पाऊण तास काहीच नाही.

३१ डिसेंबर, रविवार

प्रत्यक्ष कोरायला सुरुवात. दीड तासात ११ सेंटीमीटर. तेही कडा ढासळलेल्या, रेघ कुठे तीन बोटं तर कुठे पाच. निराश होऊन बसले होते, तेवढ्यात खालच्या वाडीतले तात्या आले. तात्यांनी तीस वर्षं चिरेखाणीवर काढली, यंत्रं यायच्या आधी. थोडा वेळ बघत उभे राहिले. मग माझ्या हातातला दगड घेतला, उलटा फिरवला आणि मला परत दिला.

"बाई, कातळाला साल असते. वरची बोटभर. ती फुटेस्तोवर तिरपं मारू नका. सरळ, एका जाग्यावर, हलक्या हातानं. आधी भोकं पाडा ओळीनं. मग भोकाभोकातली भिंत पाडा. आपसूक पडतंय."

तसंच झालं. चार-चार बोटांवर ठिपके पाडायचे, प्रत्येक साल भेदून खाली जाईपर्यंत. मग मधला भाग टोक आडवं धरून उडवायचा. सालीखालचा जांभा पिवळसर तांबडा, मऊ, मधे मधे शेडीचे लोण्यासारखे कप्पे. वेग ताशी १५ सेंटीमीटरवर गेला आणि कड सरळ राहिली. माझी चूक ही की मी रेघ ओढल्यासारखं कोरत होते. पेन्सिलीची सवय.

तात्यांना मजुरी देऊ केली, घेतली नाही. चहा आणि बेसनाचा लाडू घेतला.

७ जानेवारी २०२४, रविवार

वाया गेलेला दिवस. दगडाला दांडा बांधला तर जोर वाढेल असं वाटलं. बांबू मधोमध चिरून त्यात दगड घातला, काथ्याने आवळला. सहाव्या घावाला दगड फिरला, अकराव्याला निसटून भाच्याच्या पायापासून हातभर अंतरावर पडला. तिथेच थांबवलं. दांड्याची कुऱ्हाड नीट बांधता येणं ही वेगळी विद्या आहे, ती शिकल्याशिवाय कुणी हे करू नये. मूठच बरी.

१३ आणि १४ जानेवारी

उजव्या मनगटाची शीर धरली. डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली. तपासणी आणि औषधं मिळून ६४० रुपये. चूक माझीच, सलग दोन तास मारत होते. आता नियम केला : वीस मिनिटं काम, दहा मिनिटं हात मोकळा, आणि तेवढ्यात दुसऱ्याने कोरायचं.

२८ जानेवारी, रविवार

आज तिघं. भाचा, त्याचा मित्र आणि मी. आदल्या संध्याकाळी रेघेवर ओली गोणपाटं घालून ठेवली होती. चिरेखाणीत ताजा चिरा मऊ असतो आणि उन्हात घट्ट होतो, त्यावरून ही कल्पना. सालीवर पाण्याचा काही परिणाम दिसला नाही. खालचा भाग मात्र स्पष्टच मऊ झाला. धूळ उडत नाही हा मोठा फायदा. तोटा असा की सुटलेला चुरा चिखल होऊन खाचेत चिकटतो, तो नारळाच्या काथ्याने सारखा पुसावा लागतो. सरासरी ताशी २५ सेंटीमीटर. या कामाला पावसाळ्यानंतरचे दिवस, कातळ आतून ओला असताना, सगळ्यांत चांगले असं आता वाटतं. मी दोन महिने उशिरा सुरू केलं.

तिघं एकत्र ठोकायला लागलं की ताल आपोआप जमतो. एकाचा घाव पडतो तेव्हा दुसऱ्याचा हात वर. मुलांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मधेच भजनाचा ठेका धरला. एकटीने केलेल्या कामाच्या दीडपट काम झालं असेल प्रत्येकाच्या हातून.

४ फेब्रुवारी, रविवार

डावा पंख संपला. शेपूट अर्धं.

तुलनेसाठी बाजूला ३० सेंटीमीटरची रेघ लोखंडी छिन्नी आणि सुतकीने (दगड फोडायच्या हातोड्याने) कोरली. वीस मिनिटं. दगडापेक्षा साडेतीन-चार पट वेग. पण दोन रेघा शेजारी ठेवून पाहा : छिन्नीच्या खाचेच्या भिंती उभ्या, तळाशी छिन्नीचे समांतर वळ. दगडाची खाच परातीसारखी, कडा गोलसर. बोट फिरवलं की डोळे मिटूनही कळतं.

११ फेब्रुवारी, रविवार

पूर्ण झालं. रेघेची लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी साधारण साडेतीन सेंटीमीटर, खोली दोन. कोरायला तिघांचे मिळून ४३ तास. अकरा दगड वापरले, त्यातले चारच शेवटपर्यंत टिकले. त्यांची टोकं झिजून आता बोथट झाली आहेत, ती जपून ठेवली आहेत.

खर्च : गॉगल तीन ५४०, मास्क आणि हातमोजे ४१०, काथ्याची दोरी १२०, पाकट २६०, औषधपाणी ६४०, पेट्रोल अंदाजे ९००. एकूण २,८७० रुपये.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. शेवटचा चुरा झाडून, पाणी ओतून आम्ही शिडीवरून पाहिलं. काळ्या कातळावर लालभडक पाकट. कुंकवासारखं लाल. सात वर्षं मी कातळशिल्पं पाहते आहे ती काळ्यावर काळी, शोधावी लागणारी, ऊन तिरपं असेल तरच दिसणारी. मुलांनाही मी तसंच शिकवलं : ही खाच, ही सावली. ती नवी असताना रंगीत होती, हे मला कधी सुचलंच नव्हतं. रंग लावायची गरजच नाही, तो कातळाच्या सालीखाली आहे. सड्यावर दूरून येणाऱ्या माणसाला ते कसं दिसलं असेल! तात्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "खाणीतला चिरा असाच असतोय. दोन पावसाळे खाल्ले की काळा."

शेजारी २०२४ कोरलं. छिन्नीने, मुद्दाम.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

पावसाळाभर वर गेलो नव्हतो, सडा निसरडा असतो. आज पहिल्यांदा गेले.

खोली तितकीच आहे, दोन सेंटीमीटर. दगडाच्या खाचेची कड कुठेही ढासळलेली नाही. छिन्नीच्या रेघेतले वळ अजून हाताला लागतात. रंग मात्र गेला. एका पावसाळ्यात लालाचा मातकट तपकिरी झाला, तळाशी काळे ठिपके धरले आहेत, डोक्याजवळ हिरवं शेवाळ. पुढच्या वर्षी बहुतेक दिसायचंही नाही.

म्हणजे लाल ठेवायचं असेल तर दर वर्षी कुणीतरी येऊन पुन्हा ठोकायला हवं. कातळशिल्पं करणाऱ्यांनी तसं केलं असेल का? काही जुन्या रेघा इतक्या रुंद का, याचं हे एक कारण असू शकतं, असं आता मनात येतं. या हिवाळ्यात फक्त उजवा पंख पुन्हा हलक्या हाताने ठोकणार आहे, डावा तसाच ठेवणार. दर वर्षी रुंदी मोजायची. भाचा आता अकरावीला रत्नागिरीला गेला आहे, सुट्टीत येईन म्हणाला.

शेपटाची खाच उताराकडे आहे, तिथे गाळ साचून पाणी अजून टिकलं आहे. त्या पाण्यात सीतेची आसवं फुलली आहेत, बोटभर उंचीची, निळी, शेपटाच्या वळणावर ओळीने. ती सुकेपर्यंत तिकडे खराटा लावायचा नाही, असं ठरवून खाली आले.